डॅशबोर्ड कापण्याआधी जरा थांबा



गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर जुन्या गाड्यांचे फोटो बरेच आले. कुणाच्या आजोबांची फियाट, कुणाची अँबॅसिडर, एकांची तर विलीज जीप. डेंटिंग-पेंटिंग केलं, सीटा नव्याने शिवल्या, इंजिन उघडून केलं, बघून बरं वाटतं. पण फोटो मोठा करून आतला डॅशबोर्ड बघितला की मन खट्टू होतं. बहुतेक गाड्यांत रेडिओच्या जागी निळा उजेड पाडणारा टच स्क्रीन. त्याबद्दलच आज लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगतो. गाडी मूळ रूपात आणायची म्हणता, तर तिचा रेडिओही मूळचाच हवा. बंद असेल तर दुरुस्त करावा. हरवला असेल तर त्याच सालचा, त्याच जातीचा शोधावा. तेही जमलं नाही तर जागा तशीच ठेवावी. पण पत्रा कापू नये.

हे मत बेळगावात बसून झालेलं नाही. ते झालं अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ, मुलीच्या घरी. जावई इंजिनियर. त्यांच्या गॅरेजात १९६८ सालची पाँटियाक जीटीओ गाडी आहे, आणि दोन उन्हाळे मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसलोय. मी बँकेतला माणूस, पान्ह्यांचे नंबर मला कळत नाहीत. पण कागद, हिशोब आणि ‘हे मूळचं कशावरून?’ हा प्रश्न मला चांगला कळतो. आणि या छंदात तोच प्रश्न सगळ्यात मोठा असतो, हे तिथे समजलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मसल कार म्हणजे काय ते थोडक्यात. मध्यम आकाराची साधी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. १९६४ ची पाँटियाक जीटीओ ही या जातीतली पहिली, असं बरेच जण मानतात. मग शेव्हरलेची शेव्हेल, डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर अशा एकाहून एक आल्या. गिऱ्हाईक कोण, तर विशी-पंचविशीतली, नुकती नोकरीला लागलेली पोरं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ चं तेलाचं संकट आलं आणि तो जमाना संपला. दहा वर्षांचा खेळ. पण त्या दहा वर्षांवर आज तिथली म्हातारी माणसं जीव टाकतात.

आता रेडिओ. गाडीत रेडिओ असणारच असं आज आपण धरून चालतो. तेव्हा तो जादा पैसे मोजून घ्यायचा होता. जीटीओची मूळ किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास आणि बटणांच्या एएम रेडिओचे साधारण साठ डॉलर वेगळे. म्हणजे किमतीच्या दोन टक्के. जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यांच्याच घरचा, इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावी बनणारा डेल्को रेडिओ असे. फोर्डने तर १९६१ मध्ये फिल्को ही रेडिओची अख्खी कंपनीच विकत घेतली. स्पीकर बहुधा एकच, डॅशबोर्डच्या मधोमध, वरच्या जाळीखाली, तोंड आकाशाकडे. आवाज समोरच्या काचेवर आपटून कानावर यायचा. एफएम पाहिजे, मागे दुसरा स्पीकर पाहिजे, त्याचे आणखी पैसे. फोर्डने १९६६ च्या गाड्यांत एट-ट्रॅक टेप आणली, तीही जादा किमतीत.

इथे एक गंमत आहे. शर्यत लावणारी बरीच पोरं रेडिओ घेतच नसत. पैसे वाचले, वजनही वाचलं. अशा गाडीत रेडिओच्या जागी कारखानाच एक कोरी पट्टी बसवून देई. आज तशी गाडी मिळाली तर तिची कोरी पट्टी हाच तिचा मूळ ऐवज. तिच्यात हौसेने कितीही अस्सल रेडिओ बसवला तरी ती खोटी नोंद. खात्यात नसलेली रक्कम जमा दाखवावी तसं. म्हणजे मूळपणा म्हणजे जुनेपणा नव्हे. ही गाडी, हा नंबर, कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात काय होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ते कागदावर सिद्ध करता येतं, हे मला फार आवडलं. जुन्या पाँटियाक गाड्यांच्या कारखान्यातल्या बिलाची नक्कल आजही पैसे भरून मागवता येते. त्यात कुठली जादा वस्तू किती डॉलरला घातली, ओळीने दिलेलं असतं. क्रायस्लरच्या गाड्यांत जोडणीच्या वेळचा तक्ता कामगार सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवत, तो पन्नास वर्षांनी गादी उसवताना सापडतो. रेडिओच्या डायलवरूनही साल पकडता येतं. १९५३ ते १९६३ या काळात अमेरिकेतल्या रेडिओंवर ६४० आणि १२४० या दोन आकड्यांपाशी छोटा त्रिकोण छापणं सक्तीचं होतं. शीतयुद्धाचा काळ होता, हल्ला झाला तर सरकार त्या दोन ठिकाणांवरून सूचना देणार होतं. तेव्हा १९६८ च्या गाडीत त्रिकोणवाला रेडिओ दिसला, की तो दुसऱ्या गाडीतून आणून कोंबलेला. खोटी सही ओळखायला आम्ही बँकेत जशी नजर कमावत होतो, तशीच ही नजर.

जावयांच्या गाडीचं बिल मागवलं तर त्यात बटणांचा एएम रेडिओ स्पष्ट होता. गाडीत मात्र नव्हता. आधीच्या कुणा मालकाने ऐंशीच्या दशकात एका दुकानात गाडी नेली आणि कॅसेट प्लेअर बसवून घेतला. कॅसेट प्लेअरला साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असं सरळ चौकोनी भोक लागतं. जुन्या रेडिओला मध्ये एक खिडकी आणि दोन बाजूंना दोन गोल भोकं, त्यातून दांड्या बाहेर येतात, त्यावर नॉब. दुकानदाराने करवत घेतली आणि तिन्ही भोकांचं एक केलं. दहा मिनिटांचं काम असेल. ते निस्तरायला दुसऱ्या एका भंगार गाडीच्या डॅशबोर्डचा तुकडा कापून आणला, वेल्डिंग केलं, घासलं, रंगाची छटा जुळवली. त्याला एक अख्खा उन्हाळा गेला. खर्चाचा आकडा मुलीला कळला तर घरात महाभारत होईल, म्हणून इथे लिहीत नाही.

रेडिओ मिळाला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात. तिकडे अशा बाजाराला माणसं पहाटेच जातात, आपल्या शनिवारच्या बाजारासारखीच गर्दी. योग्य सालचा डेल्को, वर धुळीचा थर, एक नॉब गायब. विकणाऱ्याने सांगितलं, ‘चालत असावा.’ जावई लगेच बॅटरीला जोडून बघायला निघाले होते, पण त्यांच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने अडवलं. त्याने सांगितलेल्या गोष्टी इथे देतो, आपल्याकडच्या जुन्या रेडिओंनाही त्यातल्या बऱ्याच लागू आहेत.

एक. स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही. त्या काळच्या ट्रान्झिस्टर रेडिओत आवाज बाहेर काढणारा मोठा ट्रान्झिस्टर असतो. त्याला पुढे स्पीकरचा भार नसेल तर तो किंवा त्याच्या रक्षणाला ठेवलेला रेझिस्टर जळू शकतो.

दोन. स्पीकर कुठलाही चालत नाही. डेल्कोच्या त्या रेडिओंना १० ओहमचा स्पीकर लागतो. आज बाजारात मिळतात ते बहुतेक ४ ओहमचे. ते लावले की रेडिओ गातो छान, पण ट्रान्झिस्टरमधून जास्त करंट वाहतो, तो तापत जातो आणि एक दिवस बसतो. तेव्हा आवाज आला म्हणजे जमलं, असं समजू नये. कर्जाचा पहिला हप्ता वेळेवर आला म्हणून कर्ज सुरक्षित असं कुठे असतं?

तीन. आतले कंडेन्सर पन्नास वर्षांत वाळलेले असतात. ते बदलावेच लागतात. पण बाकीचं, म्हणजे कॉइल, डायल, बटणांची यंत्रणा, यांना विनाकारण हात लावायचा नाही. घट्ट झालेलं जुनं ग्रीस पुसायचं, थेंबभर नवं घालायचं. आवाजाचा नॉब खरखरत असेल तर स्वच्छ करायचा.

चार. गाडीत बसवल्यावर एरियल जुळवायचा. रेडिओत त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. डायल १४०० च्या आसपास एखाद्या क्षीण स्टेशनवर आणायची आणि आवाज जास्तीत जास्त येईपर्यंत तो स्क्रू हळूच फिरवायचा. हे न करताच ‘याला स्टेशनच लागत नाही’ म्हणून रेडिओ फेकून देणारे पुष्कळ.

पाच. खरखर ही रेडिओची चूक नसते, बहुधा गाडीची असते. प्लगच्या प्रत्येक ठिणगीचा आवाज एएमवर येतो. म्हणून कारखान्यातच इग्निशन कॉइलवर छोटा कंडेन्सर, आत रेझिस्टन्स असलेल्या प्लगच्या वायरी आणि इंजिन ते बॉडी अशा अर्थिंगच्या पट्ट्या दिलेल्या असत. रंगकामाच्या वेळी त्या पट्ट्या काढतात आणि परत लावायला विसरतात. शेव्हरलेच्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरची, तिला लोखंडी पत्र्याचा आडोसा नाही. म्हणून रेडिओ घेतलेल्या कॉर्व्हेटमध्ये कारखाना ठिणगीच्या जागेवर धातूचं झाकण घालत असे. एवढा विचार त्या साठ डॉलरच्या वस्तूमागे होता.

आता विरोधी बाजू. ती मी जावयांच्या मित्रांकडून भरपूर ऐकली आणि इथेही ऐकणार आहे.

पहिला मुद्दा असा की त्या एका स्पीकरचा आवाज भिकार असतो. याला माझं उत्तर डेट्रॉइटमध्येच मिळालं. मोटाउन ही गाण्यांची कंपनी त्याच शहरातली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात त्यांचा स्टुडिओ होता, तिथे आता संग्रहालय आहे. तिथले लोक गाणं पक्कं करण्याआधी ते मोटारीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघत. ऐकणारी पोरं गाडीतच ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे ती गाणी मुळात या छोट्या, काचेवर आवाज आपटणाऱ्या स्पीकरसाठी घडवलेली. तीच गाणी मागे डबाभर वूफर लावून ऐकली की धाडधाड होतं, पण गाणाऱ्याचा आवाज जो पुढे यायला हवा तो मागे राहतो. जीटीओत खिडक्या उघड्या टाकून, इंजिनच्या घरघरीत, त्या रेडिओवर ऐकताना मला शब्द न शब्द कळत होता. शब्दांचा अर्थ कळत होता असं म्हणत नाही!

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. एएमवर आता गाणी लागतात कुठे? तिथे चर्चा, बातम्या आणि खेळ. मान्य. म्हणून माझा आग्रह आंधळा नाही. कुणाला फोनवरची गाणी ऐकायची असतील तर छोटा आधुनिक संच हातमोज्यांच्या कप्प्यात किंवा सीटखाली लपवावा. काही जण जुन्या रेडिओचं बाहेरचं रूप ठेवून आत नवीन यंत्र बसवून घेतात. तेही मला कापाकापीपेक्षा बरं वाटतं, मात्र अट एवढीच की बंद पडलेल्या, आतून कामातून गेलेल्या रेडिओवर ते करावं, चालू शकणाऱ्यावर नको. माझी कसोटी सोपी आहे. उद्या तुमच्या नातवाला वाटलं की हे काढून पूर्वीसारखं करावं, तर त्याला एका दिवसात पान्हा-स्क्रूड्रायव्हरने करता आलं पाहिजे. वेल्डिंगवाला बोलवावा लागत असेल तर तुम्ही नको ते केलंत.

तिसरा मुद्दा पैशाचा. ‘साठ डॉलरच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप?’ ज्याने आयुष्यभर तारणाची किंमत ठरवली, त्याने या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. विक्रीच्या वेळी कागदांशी जुळणारी गाडी आणि न जुळणारी गाडी यांत फरक पडतोच. पण मी तो मुद्दा वापरणार नाही. आपल्यापैकी कुणी आजोबांची फियाट विकायला काढलेली नाही. आपण ती ठेवतो ती आठवण म्हणून. मग आठवणीचाच हिशोब करू.

या सगळ्या लिखाणाचं खरं कारण आता सांगतो.

त्या रेडिओला पाच बटणं असतात. आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक नव्हेत. डायल हव्या त्या स्टेशनवर आणायची, बटण बाहेर ओढायचं आणि पूर्ण आत दाबायचं. बस, आतली लोखंडी पट्टी त्या जागी पक्की बसते. मग पुढच्या वेळी बटण दाबलं की काटा सरसर धावत तिथेच जाऊन थांबतो. बॅटरी काढा, रेडिओ पन्नास वर्षं माळ्यावर टाका, ती जागा हलत नाही. बाजारातून आणलेला तो धुळकट डेल्को दुरुस्त झाल्यावर आम्ही पहिलं बटण दाबलं. काटा गेला ८०० वर. दुसरं दाबलं, ७६०. तिसरं, १२७०. कुणा अनोळखी माणसाची आवड आमच्यासमोर आकड्यांत उभी राहिली. जावई लगेच आपली स्टेशनं लावायला निघाले. मी म्हटलं, ‘जावईबुवा, पहिल्या तिघांना हात लावू नका. उरलेली दोन तुमची.’ त्यांनी ऐकलं.

७६० आणि १२७० ही डेट्रॉइटची स्टेशनं. आणि ८००? ते डेट्रॉइटचं नाहीच. ते सीकेएलडब्ल्यू, नदीपलीकडच्या विंडसर गावचं, म्हणजे कॅनडाचं! पन्नास हजार वॉटचं स्टेशन. साठच्या दशकाच्या शेवटी डेट्रॉइटची पोरं वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर मसल कार पळवताना जे ऐकत होती ते हे, परदेशातलं. मालकी अमेरिकन कंपनीची, श्रोते बहुतांश अमेरिकेतले, जमीन आणि कायदा कॅनडाचा. पुढे कॅनडाने नियम केला की परकीय मालकी चालणार नाही, आणि १९७० मध्ये ते विकावं लागलं. १९७१ पासून एएम स्टेशनांना तीस टक्के गाणी कॅनडाची लावणं सक्तीचं झालं. ऐकणारी पोरं मात्र त्याच गाड्यांतून, त्याच रस्त्यावर, तेच पहिलं बटण दाबत राहिली.

हे ऐकताना बेळगावच्या माणसाला काय वाटलं असेल, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?

आपल्या लहानपणी बेळगावात डायल फिरवली की ७६५ वर धारवाड, ७९२ वर पुणे, १२५१ वर सांगली, १२८७ वर पणजी. चार ठिकाणं, तीन राज्यं, तीन भाषा. १९५६ मध्ये राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या आणि आपण कुठल्या बाजूला पडलो त्यावर आजवर किती भांडण झालं, ते इथे काढत नाही. पण रेडिओचा काटा ती रेषा कधी ओळखत नव्हता. निपाणीच्या बाजूला निघालं की सांगली स्वच्छ होई, कित्तूरकडे निघालं की धारवाड. मराठी घरांत धारवाड लागत नसे असं कुणी म्हणेल तर ते खोटं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते. तिथे गाणं लागलं की आमच्या गल्लीत भाषेचा प्रश्न कुणी काढत नसे. आणि पणजी तर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगिजांचं. त्यांच्याविरुद्ध गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी, १९५५ पासून, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून. कॅसलरॉक म्हणजे आपल्या खानापूरच्या पुढचंच स्टेशन. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या ग्रुपवरही चर्चा झाली होती. सीमेवरच्या माणसाला रेडिओ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शहापुरात आमचे एक डॉक्टर होते. नाव देत नाही, त्यांची मुलं इथे आहेत. त्यांच्या फियाटमध्ये बटणांचा रेडिओ होता. त्या काळी रेडिओला लायसन लागे, दरसाल पोस्टात पैसे भरावे लागत, तेही ते नियमाने भरत. रात्री-अपरात्री खेड्यात रुग्णाला बघायला जाताना त्यांना तोच सोबती. मी कॉलेजात असताना दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलोय. एक बटण धारवाडचं, एक सांगलीचं, एक पणजीचं. हिंडलगा सोडलं की कुठलं दाबायचं आणि खानापूरच्या वाटेला कुठलं, हे त्यांच्या बोटांना न बघता ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ती फियाट नातवाने प्रेमाने नवी करून घेतली. रंग तोच मूळचा राखाडी, आतला कपडा शोधून आणलेला, चाकांच्या टोप्यासुद्धा अस्सल. मला फिरवून आणायला मुद्दाम घरी आला. आत बसलो तर डॅशबोर्डवर टच स्क्रीन. जुना रेडिओ कुठे म्हणून विचारलं. ऑडिओवाल्याने सांगितलं म्हणे, ‘हा काय कामाचा नाही, भंगारात टाकतो.’ पत्रा कापून भोक मोठं केलं होतं. पोराचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या भंगाराबरोबर आजोबांच्या बोटांनी लावलेली तीन स्टेशनंही गेली. तो रेडिओ बंद असता तरी चाललं असतं. बटण दाबल्यावर काटा कुठे जाऊन थांबतो एवढं बघायला वीज लागत नाही.

डॉक्टरांची डायरी नाही, पत्रं नाहीत, आवाजही कुठे साठवलेला नाही. एक मराठी डॉक्टर कन्नड मुलखात रात्री गाडी चालवताना काय ऐकत होता, याचा एकमेव पुरावा त्या लोखंडी पट्ट्यांत होता. आपल्यासारख्या, दुसऱ्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांचा इतिहास असाच असतो. सरकारी दप्तरात आपली नोंद मातृभाषा आणि डोक्यांची संख्या एवढीच. खरं कसं जगलो ते अशा फुटकळ वस्तूंत राहतं. इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे सभासदही हे मान्य करतील.

आणखी एक गोष्ट. बटण जिथे नेतं तिथे काही ऐकू येणं हेही आता गृहीत धरता येत नाही. विजेवरच्या गाड्यांच्या मोटरी एएममध्ये खरखर आणतात म्हणून अनेक कंपन्यांनी त्यांतून एएम काढूनच टाकला. फोर्डने २०२३ मध्ये आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं. बरीच ओरड झाली आणि त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करण्याचा कायदा व्हावा म्हणून तिथल्या संसदेत विधेयकही मांडलं गेलं. आपल्याकडेही भर मीडियम वेव्हकडून एफएमकडे सरकलाय. एफएमची लाट फार लांब जात नाही. ती साधारण आपल्याच गावापुरती बोलते. सीमेपलीकडचा आवाज रात्री आपसूक घरात यायचा तो मीडियम वेव्हमुळे. तो रेडिओ चालू स्थितीत ठेवणं म्हणजे तो आवाज ऐकायला निदान एक कान तरी शिल्लक ठेवणं.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना वडीलकीच्या नात्याने सांगतो.

गाडी गॅरेजला देण्याआधी डॅशबोर्डचे फोटो काढा, डायल आणि बटणं जवळून. प्रत्येक बटण दाबून काटा कुठे थांबतो ते वहीत लिहा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की ते कुठलं स्टेशन. गाडीचं जुनं बिल, विम्याचे कागद, रेडिओच्या लायसनचं पुस्तक सापडलं तर फेकू नका. रेडिओ काढायचाच झाला तर वायरींना चिठ्ठ्या बांधा. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, ते न बघता रेडिओ जोडला तर क्षणात जळतो. नीट करून देणारा जुना मेकॅनिक गावात अजून एखादा तरी असतो, त्याला आत्ताच गाठा. त्यांची वयं माझ्याएवढी आहेत, एवढंच सांगतो. आणि ऑडिओवाला करवत घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पटत नसेल त्यांनी खाली जरूर लिहा, मी वाद घालायला मोकळाच आहे. पण ज्यांच्या गाडीत जुना रेडिओ अजून शाबूत आहे त्यांनी आज संध्याकाळी एक काम करा. पाचही बटणं दाबून बघा आणि आकडे इथे टाका. गाव आणि साल लिहायला विसरू नका.